तानुबाईच्या नळाचा कागद

तानुबाई अकोल्याला पोचली असेल का, आणि पोचल्याबरोबर तिने वच्छलेला सांगून टाकले असेल का, याखेरीज दुसरा विचार संध्याकाळपासून माझ्या डोक्यात नाही. वच्छला तिची सून. तुझा नवरा लढाईत गेला, हे तिला सांगायला तानुबाई आज दुपारच्या गाडीने गेली. उद्या सकाळी तिथल्या मोर्णा नदीच्या काठी दर्भाचा पुतळा करून जाळायचा, वच्छलेच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या आणि कुंकू पुसायचे, असे ठरवून ती गेली आहे.

सहदेव गेल्याचे कोणीही कळवलेले नाही. फौजेकडून तार आलेली नाही, पत्र आलेले नाही. तानुबाईला ते कळले म्युनिसिपल कमिटीच्या नळपट्टीच्या कागदावरून. आणि त्या कागदावरचे ते शब्द माझे आहेत.

एवढे लिहून मी थांबले आणि पुन्हा वाचून पाहिले. खरेच आहे सगळे. तरी माझा त्यावर विश्वास बसत नाही.

तानुबाई आमच्याकडे फुले घालू लागली त्याला नऊ वर्षे झाली. अमरावतीच्या माळीपुऱ्यात तिचे दोन खणांचे मातीचे घर, आणि मागच्या बाजूला दहा-बारा वाफ्यांची वाडी. उन्हाळ्यात मोगरा, पुढे झेंडू, थंडीत शेवंती. पहाटे फुले तोडायची, टोपली डोक्यावर घ्यायची आणि उन्हे चढायच्या आत पंधरा-वीस घरे करायची, हा तिचा क्रम. पहिल्याच दिवशी ती आमच्या अंगणात आली तेव्हा मी भर सकाळी नऊ वाजता मोगऱ्याला पाणी घालत होते. तिने टोपली खाली ठेवली, माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, "बाई, तुमी कालेजात शिकल्या म्हन्तेत. मोगऱ्याले कवा पानी द्याव, हे नाई शिकवत काय तथी?"

मला राग आला होता. पण तिच्या सांगण्याप्रमाणे मी संध्याकाळी पाणी देऊ लागले आणि पंधरा दिवसांत झाड कळ्यांनी भरले. तेव्हापासून ती मला काहीही बोलू लागली आणि मी ऐकून घेऊ लागले.

तिचे माहेर दर्यापूरकडचे. त्या भागात विहिरींचे पाणी खारे. त्यात डाळ शिजत नाही, धुतलेले लुगडे वाळले की कडक होते. पिण्याच्या पाण्यासाठी तिची आई दोन कोस चालत जाई, आणि सहा-सात वर्षांची तानुबाई लहान गडू घेऊन मागे मागे. मोठ्या काळाच्या, म्हणजे त्या मोठ्या दुष्काळाच्या साली तिचे लग्न झाले, अमरावतीच्या नत्थुजी माळ्याशी. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडल्या, ही रडली नाही. लोक म्हणाले, पोरगी दगडाची आहे. ती मला सांगायची, "बापानं सांगतलं होतं, तिकडं गोडं पानी हाये. मंग रडू कायले?"

पण सासरीही पाणी दारात नव्हते. चाळीस वर्षे तिने विहिरीवरून आणले. नत्थुजींनी अखेर एका शेवंतीच्या हंगामाचे सगळे पैसे खर्चून घरी नळ घेतला. ज्या दिवशी तोटीला पाणी आले त्या दिवशी तानुबाईने तुरीची डाळ चुलीवर चढवली आणि ती शिजेपर्यंत जागची हलली नाही. "अशी मऊ गय झाली बाई, का हातानं घोटाचं कामच नाई पडलं." हे ती मला किती वेळा सांगायची, आणि प्रत्येक वेळी जशी काल घडलेली गोष्ट असावी तशी.

त्यानंतर दोन वर्षांत नत्थुजी वारले. मुलांपैकी तीन लहानपणीच गेली होती, राहिला तो शेवटचा सहदेव. तो मोटार चालवायला शिकला, नांदगाव पेठच्या एका व्यापाऱ्याची लॉरी चालवू लागला, आणि बेचाळीस साली फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाला. वच्छलेशी त्याचे लग्न होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. ब्रह्मदेशाच्या बाजूला त्याची रवानगी झाली. महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर येई, दोन-तीन महिन्यांनी पत्र येई. माळीपुऱ्यात महादेवराव म्हणून एक निवृत्त पोस्टमन राहतात. पुऱ्यातल्या सगळ्यांची पत्रे तेच वाचून दाखवत. आपण आणून दिलेली पत्रे आपल्यालाच वाचावी लागतात, ही सरकारने चाकरी वाढवून दिली, असे ते म्हणायचे.

चव्वेचाळीसच्या पावसाळ्याआधी सहदेवचे शेवटचे पत्र आले. मग मनिऑर्डरही बंद झाली. आमच्या ह्यांनी तानुबाईच्या वतीने फौजेच्या कचेरीला दोनदा इंग्रजीत लिहिले. हे वकील आहेत, त्यांना असली पत्रे लिहिता येतात. दोन्ही वेळा एकच उत्तर आले की तपास चालू आहे. लढाई संपली, पुऱ्यातले दोन जण परत आले, सहदेव आला नाही आणि त्याची काही खबरही आली नाही.

तानुबाई मात्र डगमगली नाही. तिचा एक हिशेब होता, आणि तो इथे नीट सांगितला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावरच झाले. भातकुलीला तिच्या चुलत बहिणीचा मुलगा चंद्रभान, तोही फौजेत होता. तो गेला तेव्हा त्याच्या आईकडे शिक्क्याचा कागद आला. मागून तिला पेन्शन बसली आणि शेताचा साराही काही वर्षे माफ झाला. तानुबाईने यातून असे धरले होते की सरकार माणूस घेते तेव्हा कागद पाठवते आणि मग काहीतरी सोडते. फुकट सरकार कोणाला काही सोडत नाही. म्हणून कोणी सहदेवची चौकशी केली की तिचे उत्तर ठरलेले असे.

"कागद नाई आला ना अजून? मंग हाये थो."

माझा मोठा मुलगा जबलपूरला नोकरीला आहे. त्याचे पत्र चार दिवस लांबले की मला जेवण जात नाही. ही बाई दोन वर्षे, न आलेल्या कागदाच्या जोरावर, रोज पहाटे फुले तोडत होती. मला तिचे नवल वाटायचे, आणि खरे सांगायचे तर थोडी दयाही यायची. ती दयाच आडवी आली.

वच्छला तिच्याजवळच राहत होती. गेल्या वर्षी वच्छलेचा भाऊ खुशालराव येऊन तिला अकोल्याला घेऊन गेला. खुशालराव तिथे एका कापसाच्या आडत्याच्या बंगल्यावर माळी आहे, बंगल्याच्या मागच्या खोलीतच राहतो. आडत्या ह्यांचा अशील, ह्यांनीच खुशालरावाला तिथे लावून दिले होते. बहीण चोवीस वर्षांची, मूलबाळ नाही, किती दिवस वाट बघायची, असे खुशालरावाचे म्हणणे. अकोल्याच्या बाजारात भाजीचे दुकान असलेला एक बिजवर त्याने बघून ठेवला होता. त्यांच्यात पाट लागतो, म्हणजे बाईचे दुसरे लग्न होते, त्यात कमीपणा नाही. पण त्याला नवरा गेलेला असावा लागतो. तानुबाईने खुशालरावाला माझ्या ओसरीवरच सुनावले होते की माझा पोरगा जिता असताना माझ्या सुनेचा पाट लावशील तर जीभ झडेल तुझी. तो बिचारा मान खाली घालून निघून गेला. जाताना वच्छला सासूच्या पाया पडली.

सून गेल्यावर वाडीतले निम्मे काम राहू लागले. तानुबाईचे गुडघे धरले होते. घरे वीसची नऊ झाली. नळपट्टी थकली, वर्षाची, मग दीड वर्षाची. या चैत्रात कमिटीची नोटीस आली की थकबाकी भरली नाही तर वैशाख संपायच्या आत नळ तोडण्यात येईल.

ती नोटीस घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा प्रथमच मला तिची भीती दिसली. मोगरा ऐन भरात होता. नळ गेला तर वाडी आठ दिवसांत जळून जाणार, आणि वाडी गेली की पोट गेले. पुऱ्यातली विहीर तळाला लागलेली, आणि त्या गुडघ्यांनी ती घागर वर काढणार कशी? मला आठवते, मी तिला म्हटले की काळजी करू नका, याच्यावर उपाय आहे. कमिटीने त्याच महिन्यात ठराव केला होता. साठीच्या पुढचे, कमाई नसलेले आणि मागे कमावते कोणी नसलेले जे कोणी असतील त्यांची थकबाकी सोडायची आणि पुढची नळपट्टी निम्मी घ्यायची. ठराव वाचून मला फार बरे वाटले होते. ह्यांना मी म्हटलेही होते की कोणीतरी एकदा म्हाताऱ्यांचा विचार केला.

मी स्वतः तिला टांग्यात घालून कमिटीत घेऊन गेले. कारकून तरुण होता, वाईट नव्हता, पण त्याच्यासमोर अर्जांचा ढीग होता आणि उकाडा मरणाचा होता. त्याने वय विचारले. तानुबाई म्हणाली, मोठ्या काळाच्या साली लगन झालं, तुमीच लावा हिशेब. त्याने हसून बासष्ट लिहिले. मग त्याने पुढचा रकाना वाचला, "मागे कोण?"

"मागं माहा सहदेव. फौजेत हाये."

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. "म्हातारे, पोरगा फौजेत पगार खाऊन राहिला, आन् तुले पानी फुकट पायजे?"

"फुकट कुठं मागून राहिली साहेब," तानुबाई म्हणाली, "अर्धं मागून राहिली."

बाकावर बसलेले सगळे हसले. कारकूनही हसला. पण त्याने समजावून सांगितले की मुलगा हयात असेल तर तो कमावता धरावा लागतो, तसा नियम आहे. हयात नसेल तर तसे लिहून द्या, पुढचे मी बघतो. मी त्याला म्हटले की दोन वर्षे पत्र नाही, पैसे नाहीत. तो म्हणाला, मग बाई, आहे की नाही ते तुम्हीच सांगा, माझ्या रकान्यात दोनच उत्तरे बसतात. तानुबाई उठून उभी राहिली. तिने अर्ज त्याच्या हातातून काढून घेतला, घडी केली आणि कमरेला खोवला. टांग्यात बसल्यावर ती एकच वाक्य बोलली, की पाणी नाही मिळाले तरी चालेल, पण असे नाही लिहून द्यायचे.

यानंतर मी जे केले ते मी विचार करून केले. रागाच्या किंवा घाईच्या भरात झाले असे म्हणायला मला जागा नाही. दोन दिवस मी त्यावर विचार केला. मला वाटले, कागदाला कागद. कमिटीच्या दप्तरात एक ओळ पडून राहील, ती कोण वाचणार आहे? तानुबाईचा सहदेव तिच्याजवळ जसा आहे तसा राहील आणि नळही राहील. मी दुसरा अर्ज आणवला, घरी बसून भरला, आणि "मागे कोण" या रकान्यात माझ्या चांगल्या वळणदार अक्षरात लिहिले, मागे कोणी नाही. दुसऱ्या दिवशी तानुबाई फुले घालायला आली तेव्हा तिला सांगितले की नवीन अर्ज केला आहे, अंगठा द्या. तिने विचारले, त्यात सहदेवचे काय लिहिले? मी म्हणाले, काही नाही, यात तो प्रश्नच नाही.

तिने शाईत अंगठा बुडवला आणि माझ्यावर विश्वासून उमटवला. मी पाहत होते.

परवा कमिटीचा चपराशी तिच्या घरी मंजुरीचा कागद टाकून गेला. काल सकाळी ती नेहमीप्रमाणे आली. मी पूजेची तयारी करत होते. ती म्हणाली, "कागद आला बाई."

मला इतका आनंद झाला की मी मागे वळूनही तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले नाही. मी विचारले, माफी झाली ना? ती म्हणाली, झाली. मग थोड्या वेळाने तिने विचारले, "बाई, सरकारच्या कागदावर खोटं रायते काय?"

मला वाटले, मंजुरी पुन्हा काढून घेतील अशी तिला धास्ती आहे. किंवा, आता लिहायचे तर सगळेच लिहावे, मला वाटले की तिला माझी लबाडी कळली आणि ती मला पकडते आहे. दोन्हींवर एकच उत्तर मला सुचले. मी म्हणाले, "नाही हो तानुबाई. तपासल्याशिवाय सरकार एक अक्षर लिहीत नाही. तुम्ही निर्धास्त राहा."

 तिने सगळी टोपलीच माझ्या परातीत उलटी केली. मी म्हटले, अहो, एवढी कशाला, बाकीच्या घरांचे काय? ती म्हणाली, राहू द्या आज. आणि निघून गेली. मी त्या फुलांचे गजरे केले, शेजारी वाटले, आणि दिवसभर खुशीत होते. काल दिवसभर मी खुशीत होते, हे आता मला सहन होत नाही.

आज दिवेलागणीला तिची शेजारीण मनकर्णाबाई फुले घेऊन आली. तानुबाई कुठे, असे मी विचारले. तिने माझ्याकडे असे पाहिले की मला वाटले तानुबाईलाच काही झाले.

मनकर्णाबाईने ओसरीच्या पायरीवर बसून सगळे सांगितले. चपराशी गेल्यावर तानुबाई तो कागद घेऊन महादेवरावांकडे गेली. त्यांनी वाचला. अर्जदार वृद्ध व निर्धन, मागे कोणी नाही, सबब थकबाकी सोडण्यात येत असून पुढील नळपट्टी निम्मी घ्यावी. तानुबाईने त्यांना पुन्हा वाचायला लावले. तिसऱ्यांदा फक्त मधलेच तीन शब्द वाचायला लावले. महादेवराव म्हणाले, बाई, मी जे आहे ते वाचतो, आपल्या मनाचे घालत नाही. शिक्का आहे का, असे तिने विचारले. शिक्का होता.

मग ती घरी येऊन वाडीत बसून राहिली. मनकर्णाबाई तिला म्हणाली की हा नळाचा कागद आहे, फौजेचा नाही. त्यावर तानुबाई जे बोलली ते मनकर्णाबाईने मला शब्दाशब्दाने सांगितले.

"म्या तं सांगतलं नाई त्याईले. म्या सांगतलं, माहा पोरगा हाये. मंग त्याईले कसं मालूम झालं, का मागं कोनी नाई? फौजेतून कळलं असन, तवाच लिवलं. आन् पानी सोडलं. चंद्रभानच्या मायले सारा सोडला, मले पानी सोडलं."

 मी काहीतरी विचारले असावे, कारण ती पुढे म्हणाली, "आमालेबी खरं नाई वाटलं बाई. पन थे म्हने, म्या वकीलीनबाईले इचारलं. बाई म्हने, सरकार तपासल्याबिगर लिवत नाई. बाईले आधीच मालूम होतं, त्याईच्या तोंडून निंगत नव्हतं."

मी तानुबाईच्या मुलाच्या मरणाला साक्ष दिली, ती अशी. आणि तिने मला दोषही दिला नाही. उलट तिला वाटले की मला दुःख झाले म्हणून माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

ती रडली का, असे मी विचारले. मनकर्णाबाई म्हणाली, नाही. आज सकाळी तिने वाडीला पाणी दिले, नळाची तोटी पुसून बंद केली, आणि म्हणाली की वच्छलेला माझ्यापायी दोन वर्षे डांबून ठेवले, आता एक दिवस जास्त ठेवायचे नाही. बांगड्या मीच फोडीन, मग त्या दुकानवाल्याशी पाटाचेही मीच बोलीन. मुलाची खबर ऐकल्यावर तिला पहिली आठवण झाली ती सुनेच्या सुटकेची. 

ह्यांना मी सगळे सांगितले.  हे म्हणाले की अर्ज तुझ्या अक्षरात आहे, त्यावर अंगठा फसवून घेतलेला आहे, हे ध्यानात येते का तुझ्या? उद्या हे बाहेर आले तर तिची माफी तर जाईलच, वर तिच्यावर खोट्या अर्जाचा ठपका येईल, आणि माझ्या बायकोचे नाव कमिटीच्या चौकशीत येईल. मी म्हटले, येऊ दे. हे म्हणाले, पत्र लिहितो खुशालरावाला, सकाळच्या टपालाने जाईल. मी म्हटले, सकाळी नदीवर जातील ते. फोन करावा म्हटले तर ह्यांनी मान हलवली. ट्रंक कॉल म्हणजे एक्स्चेंजमधली दोन माणसे ऐकणार, आडत्याच्या घरचे ऐकणार. शिवाय फोनवर सांगणार काय तू? सहदेव जिवंत आहे म्हणून सांगणार? तुला माहीत आहे का ते?

 हे झोपायला गेले, मी इथे दिव्याशी बसले.

मला माहीत नाही. दोन वर्षे गेली, लढाई संपून नऊ महिने झाले, ज्यांना यायचे ते आले. डोके ठिकाणावर ठेवून पाहिले तर तानुबाईने आज धरले आहे तेच खरे असण्याची शक्यता जास्त आहे. मी फोन केला तर त्या म्हातारीला पुन्हा त्याच वाट पाहण्यात ढकलीन. वच्छलेलाही ढकलीन. तिचा पाट मोडेल, आणखी दोन वर्षे, चार वर्षे ती भावाच्या घरी बसेल, आणि शेवटी कदाचित तोच शिक्क्याचा कागद येईल. दहा वाजल्यापासून मी हेच उलटसुलट करते आहे. मघाशी तर मला असेही वाटून गेले की गप्प बसणे हेच तिच्या हिताचे आहे.

आणि ते मनात आल्याबरोबर मला धक्का बसला, कारण अर्ज भरतानाही मी अगदी हेच म्हणाले होते. तिच्या हिताचे.

जबलपूरला एखाद्या शहाण्या, शिकलेल्या बाईने माझ्या मुलाबद्दल एखाद्या कागदावर सोयीसाठी असे काही लिहिले, आणि मग माझ्या भल्यासाठी गप्प राहिली, तर? मला ते वाक्य पुरेही करवत नाही.

सहदेव आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही. वच्छलेने पाट लावावा की थांबावा, हेही माझ्या हातात नाही, ते तिचे आणि तानुबाईचे. कमिटी माफी काढून घेईल तर काढून घेईल. थकबाकी मी भरीन, आणि ठरावातला तो रकाना बदला, माणूस बेपत्ता असतो अशी तिसरी गोष्टही जगात असते, हे सांगायला मी त्याच कारकुनासमोर जाऊन उभी राहीन. ते सगळे नंतरचे. पण उद्या सकाळी एका मुलीच्या बांगड्या माझ्या खोट्यावर फुटता कामा नयेत. फुटायच्या असतील तर खऱ्यावर फुटोत, नाहीतर त्या दोघींच्या मर्जीने उतरोत.

बारा वाजून गेले आहेत. ह्यांच्या कचेरीच्या खोलीत फोन आहे, आणि आडत्याचा नंबर अशिलांच्या वहीत आहे. या वेळी लाइन मोकळी असते, लवकर लागते म्हणतात. आडत्याच्या घरचे चिडतील, त्यांची माफी मागेन. खुशालरावाला निरोप देणार नाही. मागच्या खोलीतून तानुबाईलाच उठवून आणा म्हणून सांगेन. तिने आयुष्यात कधी फोन कानाला लावलेला नाही. घाबरेल, उलटा धरेल, तरी तिने लावला पाहिजे.

तिला मी म्हणणार नाही की तो जिवंत आहे. मी म्हणणार आहे, तानुबाई, मी वकीलीनबाई बोलते आहे. ते सरकारला कोणी कळवले नाही. मागे कोणी नाही हे मी लिहिले, माझ्या हाताने, तुम्हाला न वाचून दाखवता. सहदेवचा कागद अजून आलेला नाही.

मग ती जे बोलेल ते ऐकून घेईन. मी उठते, आणि एक्स्चेंजकडे अकोला मागते.